तीच ती हालचाल, पुन्हा पुन्हा

मूल दीड-पावणेदोन वर्षांचं. मान उशिरा धरली, बसायला वर्ष लागलं, अजून एकही शब्द नीट फुटलेला नाही. डॉक्टरांच्या फाइलवर ‘विकासात विलंब’ अशी नोंद आहे. आणि गेल्या काही आठवड्यांपासून घरच्यांना काहीतरी वेगळंच दिसतंय. पंखा लावला की ते दोन्ही हात जोरजोरात फडफडवतं. किंवा बसल्या जागी डोलत राहतं. किंवा झोपेतून उठलं की मान खाली टाकतं, वर घेतं, पुन्हा टाकतं. आजी म्हणते, दात येत असतील. शेजारच्या काकू म्हणतात, दृष्ट काढा. कुणी गॅस झालाय म्हणतं आणि पोटावर हिंग चोळायला सांगतं. आई रात्री मोबाइलवर शोधत बसते आणि पहाटेपर्यंत तिच्या मनात चार-पाच भयंकर आजारांची नावं जमा झालेली असतात.

हा लेख अशा घरांसाठी आहे. हालचाल दिसते कशी, एवढ्यावरून ती काय आहे हे ठरत नाही, हे आधी पक्कं समजून घ्या. मान खाली जाणं एका मुलाची सवय असते, दुसऱ्याची डोळ्यांची अडचण असते, तिसऱ्याच्या मेंदूतला झटका असतो. फरक कळतो तो हालचाल केव्हा होते, कशाने थांबते आणि ती सुरू झाल्यापासून मुलात काय बदललं, यावरून. यातलं फारच थोडं दवाखान्यातल्या दहा मिनिटांत दिसतं. बाकीचं तुम्हालाच दिसतं, आणि म्हणून तुमचं पाहणं हा तपासणीचाच भाग आहे.

काय पाहायचं

पहिली गोष्ट, मध्येच अडवलं तर हालचाल थांबते का? हात फडफडवणं, डोलणं, बोटं डोळ्यांसमोर नाचवणं, गोल गोल फिरणं या सवयीच्या हालचाली लक्ष दुसरीकडे वेधलं की बहुतेक वेळा थांबतात, भले मिनिटभराने पुन्हा सुरू होवोत. झटका तसा थांबत नाही. मात्र इथे एक फसगत होते. वाढीत मागे असलेलं मूल एरवीही हाकेला ओ देत नाही. मग हाक मारून पाहिली, बघितलं नाही, म्हणजे झटकाच आहे असं घरचे ठरवून टाकतात. तेव्हा नुसत्या हाकेवर जाऊ नका. अंगाला हात लावा, उचलून घ्या, त्याच्या आवडत्या बिस्किटाचा पुडा जवळ वाजवा. हात किंवा पाय थरथरत असेल तर तो अलगद धरून पाहा. साधी थरथर बऱ्याचदा धरल्यावर शांत होते, झटक्यातले ठोके मात्र तुमच्या मुठीत जाणवत राहतात. धरणं म्हणजे दाबून ठेवणं नाही, एवढं सांभाळा.

दुसरी गोष्ट, वेळ आणि प्रसंग. आनंद झाला, कंटाळा आला, गलका वाढला, डोळ्यांवर झोप आली, की सुरू होणारी हालचाल सवयीकडे बोट दाखवते. झोपेतून उठल्या उठल्या होणारी, दूध पाजल्यावर लगेच होणारी, गाढ झोपेत होणारी, या तिन्हींची कारणं वेगवेगळी असतात आणि तिन्ही डॉक्टरांना सांगायलाच हव्यात. झोप लागण्याच्या बेताला डोकं इकडून तिकडे घुसळणं किंवा उशीवर आपटणं हे मात्र अनेक सुदृढ मुलंही करतात.

तिसरी गोष्ट म्हणजे हालचालीची लय. फडफडणं, डोलणं हे सलग चालतं. झटक्यांचा एक प्रकार असा असतो की एक हिसका, क्षणभर अंग आवळलेलं, मग काही सेकंद काहीच नाही, आणि पुन्हा तसाच हिसका. ही मधली रिकामी जागा फार महत्त्वाची आहे. पुढे ती पुन्हा येईल.

हालचाल संपल्यावर मूल काय करतं, हेही पाहा. सवयीची हालचाल संपली की ते पुन्हा खेळाला लागतं. झटक्यानंतर ते गळून जातं, रडतं, झोपतं किंवा काही वेळ हरवल्यासारखं बघत राहतं.

आणि या सगळ्यांपेक्षा मोठा प्रश्न आहे तो हा, की मुलाने काही गमावलं आहे का? हसायचं ते हसेनासं झालं, बसायचं ते कलंडायला लागलं, हातातला खुळखुळा धरायचा तो सोडून दिला, येणारे दोन शब्द गेले. उशिरा शिकणं आणि शिकलेलं जाणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिकलेलं जात असेल तर हालचाल कशीही दिसो, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचे. ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ हे वाक्य तिथे लागू पडत नाही.

व्हिडिओ कसा काढायचा

दवाखान्यात गेल्यावर मूल ती हालचाल करत नाही, हा जवळजवळ नियमच आहे. म्हणून फोन हाताशी ठेवा. फोन आडवा धरा. मुलाचा चेहरा आणि सगळं अंग दोन्ही चित्रात यायला हवं. नुसत्या हातांचा जवळून काढलेला व्हिडिओ फारसा उपयोगाचा नसतो, कारण डोळे कुठे आहेत ते कळत नाही. दुपटं, जाड स्वेटर बाजूला करा, दिवा लावा, टीव्ही बंद करा. मध्ये एकदा हाक मारा, एकदा हात लावा, आणि ते केल्यावर काय झालं तेही चित्रित होऊ द्या. हालचाल संपली म्हणून लगेच फोन ठेवू नका. पुढचं अर्धं मिनिट तितकंच कामाचं आहे. एकाऐवजी वेगवेगळ्या वेळचे तीन-चार व्हिडिओ काढा. सोबत एका वहीत तारीख, वेळ, आधी काय चाललं होतं आणि एका खेपेला किती वेळा झालं, एवढंच लिहा.

हे व्हिडिओ नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिथे सल्ले येतील, निदान येणार नाही. आणि मूल उद्या मोठं होणार आहे, त्याची लाज आजपासूनच आपण राखायची.

ज्यात थांबायचं नाही

१८४१ साली इंग्लंडमधल्या टनब्रिजचे डॉक्टर विल्यम जेम्स वेस्ट यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाला एक पत्र लिहिलं. त्यांचा स्वतःचा तान्हा मुलगा दिवसातून अनेकदा डोकं गुडघ्यांकडे झुकवत होता, एकामागून एक, आणि सोबत त्याची वाढ मागे पडत चालली होती. माहीत होते तेवढे उपाय करून झाले होते आणि एक बाप म्हणून ते इतर डॉक्टरांकडे मदत मागत होते. आज या आजाराला त्यांचंच नाव आहे, वेस्ट सिंड्रोम, आणि त्यातल्या झटक्यांना इन्फंटाइल स्पाझम म्हणतात.

हे झटके बहुधा तीन महिने ते एक वर्ष या वयात सुरू होतात, पण ओळखले गेले नाहीत तर दुसऱ्या वर्षातही चालू राहतात, आणि क्वचित उशिराही सुरू होतात. म्हणून दीड वर्षाच्या मुलाचे आईवडीलही ‘हे तर तान्ह्या बाळांचं’ म्हणून पुढे जाऊ शकत नाहीत. हे झटके सिनेमातल्या फेफऱ्यासारखे दिसत नाहीत, आणि घोटाळा होतो तो त्यामुळेच. तोंडाला फेस नाही, अंग थडथड उडत नाही. नुसती मान किंचित लवते, खांदे वर उचलले जातात, दोन्ही हात क्षणभर बाजूला पसरतात किंवा पोटाकडे आवळले जातात, डोळे वर जातात. सेकंद-दोन सेकंद. मग थोडी उसंत, मग पुन्हा. अशी माळ काही मिनिटं चालते, विशेषतः झोपेतून उठल्यावर, आणि दोन झटक्यांच्या मध्ये किंवा शेवटी बाळ रडतं. हे रडणं पाहून घरचे पोटदुखी समजतात. ग्राइपवॉटर दिलं जातं, ओवा-हिंग होतं, ‘दचकतंय’ म्हणून उशाशी लोखंडाचा तुकडा ठेवला जातो, आणि यात आठवडे निघून जातात.

ते आठवडे फार मोलाचे असतात. या आजारात झटक्यांच्या मधल्या वेळातही मेंदूची विद्युत लय पूर्ण विस्कटलेली असते, आणि अशा गोंधळात मेंदू नवीन शिकू शकत नाही. उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी वाढ सावरण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे याच्यामागे जन्मावेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणं आणि जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत रक्तातली साखर फार खाली जाणं ही कारणं ठळकपणे दिसतात. बाळ जन्मल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं होतं, साखर कमी झाली होती, रडलं नव्हतं, असा इतिहास असेल आणि आता अशी माळ दिसत असेल, तर पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. व्हिडिओ घेऊन दोन-तीन दिवसांत बालरोगतज्ज्ञांकडे आणि जमेल तितक्या लवकर लहान मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. रिसेप्शनवर स्पष्ट सांगा, ‘बाळाला झटक्यांच्या माळा येताहेत.’

तपासणी म्हणजे मुख्यतः ईईजी. डोक्यावर तारा लावून मेंदूची लय कागदावर किंवा पडद्यावर उमटवतात. दुखत नाही, करंट देत नाहीत. आदल्या दिवशी डोकं धुवा आणि तेल अजिबात लावू नका. आपल्याकडे आंघोळीआधी टाळू भरायची सवय असते, त्या दिवशी ती मोडा. मूल तिथे झोपावं म्हणून रात्री उशिरा झोपवून पहाटे लवकर उठवायला सांगतात. या आजारासाठी झोपेतली आणि झोपेतून उठतानाची नोंद हवी असते. केवळ जागेपणी घाईघाईत काढलेला ईईजी ‘नॉर्मल’ आला आणि तुमच्या व्हिडिओत मात्र माळ स्पष्ट दिसते आहे, तर पुन्हा, झोपेसह करायला सांगा. असं विचारल्याने चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

उपचारात एसीटीएचची इंजेक्शनं, तोंडाने घ्यायचं प्रेडनिसोलोन आणि व्हिगाबॅट्रिन ही मुख्य औषधं. पहिल्या दोन्हींनी बाळाचा चेहरा सुजतो, भूक वाढते, चिडचिड होते, रक्तदाब वाढू शकतो, जंतुसंसर्ग सहज होतो. त्या काळात लस देण्याआधी डॉक्टरांना विचारावंच लागतं. चेहरा सुजला म्हणून घाबरून औषध स्वतःहून बंद करणं धोक्याचं आहे. साधारण दोन आठवड्यांनी झटके पूर्ण थांबले का आणि ईईजी सुधारला का, दोन्ही पाहतात. झटके ‘कमी’ झाले यावर समाधान मानायचं नसतं.

जाता जाता एक गोष्ट. मुलाच्या अंगावर पानाच्या आकाराचे फिकट पांढरे डाग असतील तर ते आवर्जून दाखवा. आपल्याकडे ते जंतांचे किंवा कॅल्शियम कमी असल्याचे समजून सोडून देतात. पण ते ट्यूबरस स्क्लेरोसिस या जन्मजात आजाराची खूण असू शकतात, आणि तसं असेल तर औषधाची निवडही बदलते. त्यात व्हिगाबॅट्रिन आधी वापरतात.

एक-दोन वर्षांच्या पुढे मान अचानक लुळी पडणं, उभं मूल कुणी ढकलल्यासारखं धाडकन पडणं, हात एकदम उडून हातातली वाटी फेकली जाणं, हेही झटक्यांचेच प्रकार असू शकतात. त्यांनाही हाच नियम, वाट बघत थांबायचं नाही. आणि मोठा झटका आलाच तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर सरळ रुग्णालयात.

थरथर आणि आईचं जेवण

आता एक असं कारण, जे आपल्या देशात विशेष दिसतं आणि जे वेळीच ओळखलं तर बरं होण्यासारखं आहे. बाळ सहा महिने ते दीड-दोन वर्षांचं, मुख्यतः अंगावरच्या दुधावर, वरचं अन्न फारसं सुरू झालेलं नाही. अंगाने गुबगुबीतही असेल, त्यामुळे कुपोषणाची शंका कुणाला येत नाही. पण ते निस्तेज आहे, हसत नाही, कुणाकडे फारसं बघत नाही. केस विरळ आणि भुरकट. बोटांच्या पेरांवर काळसरपणा. शिकलेलं एकेक विसरत चाललं आहे. आणि मग डोकं, हात, ओठ, जीभ थरथरायला लागतात. मूल झोपलं की थरथर थांबते.

याला इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम म्हणतात आणि त्याचा संबंध बहुतांशी ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेशी आहे. हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातून मिळतं. शाकाहारी घरात ते दूध-दह्यातून येतं, पण घरातलं दूध आधी बाकीच्यांना आणि उरलं तर सुनेला, अशी रीत असेल तर तिच्या शरीरातला साठा गरोदरपणातच रिता झालेला असतो. जे आईकडे नाही ते तिच्या दुधात कुठून येणार? मी हे आईला दोष देण्यासाठी लिहीत नाही. दोष द्यायचाच तर त्या रितीला द्यावा.

रक्ताच्या तपासणीने हे कळतं आणि ब-१२ ची इंजेक्शनं हा उपचार स्वस्त आहे. काही दिवसांत बाळ बघायला, हसायला लागतं, आणि ते पाहणं हा मोठा आनंद असतो. थरथर मात्र काही आठवडे रेंगाळते. कधी कधी तर उपचार सुरू केल्यावरच ती सुरू होते किंवा वाढते. हे आधी सांगितलेलं नसेल तर आईवडील घाबरून डॉक्टर बदलतात. दुकानातून आणलेल्या टॉनिकवर हा उपचार होत नाही. बाळासोबत आईचीही तपासणी आणि उपचार व्हायला हवेत, वरचं अन्न नीट सुरू व्हायला हवं. काही मुलांची वाढ थोडी मागे राहते, म्हणून इंजेक्शनांनंतरही पाठपुरावा सोडायचा नाही.

हात चोळणारी मुलगी

ऑस्ट्रियातले डॉक्टर आंद्रेयास रेट यांना व्हिएन्नातल्या आपल्या दवाखान्यात दोन मुली आयांच्या मांडीवर बसून अगदी एकसारखे हात चोळताना दिसल्या. त्यांनी अशा मुली शोधल्या, अभ्यास केला आणि १९६६ मध्ये त्याबद्दल लिहिलं. रेट सिंड्रोम हा प्रामुख्याने मुलींमध्ये दिसणारा आजार. पहिले सहा ते अठरा महिने मुलगी बरी वाटते, मग वाढ थबकते, शब्द जातात, हाताने वस्तू धरणं जातं, आणि त्या जागी हात धुतल्यासारखे चोळणं, पिळणं, तोंडात घालणं सुरू होतं. डोक्याचा घेर वाढायचा मंदावतो. म्हणून लसीकरणाच्या वेळी डोक्याचा घेर मोजून कार्डावर लिहायला सांगत जा. १९९९ मध्ये याच्यामागचं जनुक सापडलं, त्यामुळे रक्ततपासणीने निदान होतं. मूळ आजार बरा करणारा उपचार अजून नाही, पण झटके, पाठीचा बाक, गिळण्याचा त्रास यांवर बरंच करता येतं, आणि या मुली डोळ्यांनी फार बोलतात. त्यांच्याशी संवाद साधण्याची साधनं आहेत. इथे पाहण्याची मुख्य खूण म्हणजे हात चोळण्यासोबत हातांचा उपयोग जाणं. हात फडफडवणारी पण बिस्किट नीट उचलून खाणारी मुलगी वेगळी.

अशा हालचालींची इतर काही कारणं थोडक्यात सांगतो. दूध प्यायल्यावर पाठ ताठ करून मान एका बाजूला मुरडणारं मूल अन्ननलिकेत वर येणाऱ्या आम्लाने तळमळत असू शकतं. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड हे औषध दिल्यावर मान वाकडी होणं, डोळे वर अडकणं, जीभ बाहेर येणं असं झालं तर तो औषधाचा परिणाम असू शकतो. बाटली सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. जन्मानंतर तीव्र कावीळ झालेल्या मुलात हातपाय पिळवटल्यासारखे वळत असतील, भावना उफाळल्या की वाढत असतील आणि झोपेत शांत होत असतील, तर तो सेरेब्रल पाल्सीचा एक प्रकार असू शकतो. मान सतत डुलणं आणि सोबत बुबुळं थरथरणं दिसलं तर डोळ्यांची तपासणी आणि गरजेप्रमाणे मेंदूचा एमआरआय. बुबुळं सैरावैरा नाचायला लागली, मूल अचानक डगमगायला लागलं, तर तातडीने मोठ्या रुग्णालयात, कारण कधी कधी त्यामागे पोटातली किंवा छातीतली गाठ असते. सारखं बोटांनी डोळे दाबणाऱ्या मुलाची दृष्टी तपासा. जन्मतः फार कमी दिसणारी मुलं असं करतात. काही बाळं पाय घट्ट आवळून ताठ होतात, लाल होतात, घामेजतात आणि उचलून घेतलं की लगेच थांबतात. ही स्वतःला रमवण्याची निरुपद्रवी सवय आहे. व्हिडिओ नसल्यामुळे अशा मुलांना फिटच्या गोळ्या सुरू झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

आणि सवयीची हालचाल निघाली तर

बहुतेक घरांत शेवटी हेच कळतं. वैद्यकीय भाषेत याला स्टिरिओटिपी म्हणतात. ती पूर्णपणे निकोप मुलांतही असते आणि ऑटिझम, बौद्धिक विकासातला विलंब, कमी ऐकू किंवा कमी दिसणं यांसोबतही असते. नुसत्या हात फडफडवण्यावरून ऑटिझम ठरत नाही. डॉक्टर पाहतात ते हे, की मूल बोट दाखवून काही मागतं का, आवडलेली गोष्ट तुम्हाला आणून दाखवतं का, तुमच्या नजरेचा माग काढतं का, ‘टाटा’ करतं का. दीड वर्षापर्यंत बोट दाखवत नसेल तर हालचाली असोत वा नसोत, तपासणी हवी. आणि श्रवणाची तपासणी प्रत्येक उशिरा बोलणाऱ्या मुलाची व्हायलाच हवी. मागून ताट वाजवलं, वळून बघितलं, ही तपासणी होत नाही. बेरा नावाची तपासणी करा.

घरात आता काय करायचं? माझं स्पष्ट मत आहे की निरुपद्रवी हालचाल थांबवण्याच्या मागे लागू नये. हात धरून ठेवणं, हातावर मारणं, ‘शहाणं बाळ असं करत नाही’ म्हणून दर वेळी टोकणं, पाहुण्यांसमोर हात बांधून बसवणं, यांनी हालचाल जात नाही, मूल मात्र भेदरतं. ते डोलतं तेव्हा स्वतःला शांत करतं, किंवा आनंद सांगतं, किंवा गोंगाटापासून स्वतःला वाचवतं. त्यातलं काय, ते तुमच्या वहीतून कळेल. कुकरच्या शिट्टीला फडफडत असेल तर शिट्टीच्या आधी त्याला दुसऱ्या खोलीत न्या. कंटाळ्याने डोलत असेल तर त्याच्यासमोर जमिनीवर बसा आणि त्याच लयीत तुम्हीही डोला, मध्येच थांबा, ते तुमच्याकडे बघेल याची वाट पाहा. बघितलं की पुन्हा सुरू करा. अनेक मुलांशी पहिला संवाद असाच जमतो. झोका, अंगाला तेल चोळणं, जड गोधडीत लपेटून खेळवणं, बादलीत पाणी खेळू देणं, यांतून त्याच्या शरीराला हवं असलेलं काही मिळतं. झोपवताना मात्र जड पांघरूण अंगावर टाकायचं नाही.

अडवायचं कधी? इजा होत असेल तेव्हा, आणि खाणं, झोप, शिकणं अडत असेल तेव्हा. डोकं आपटणाऱ्या मुलाच्या बाजूची भिंत गोधडीने झाका, लोखंडी पलंगापासून लांब झोपवा, आणि आधी कान, दात, पोट तपासून घ्या. दुखतंय हे सांगता न येणारं मूल डोकं आपटून सांगतं. स्वतःला चावणं, जखम होईपर्यंत मारून घेणं सुरू झालं तर थेरपिस्टची मदत लागतेच.

ऑटिझमवर स्टेम सेलचे उपचार उपयोगी असल्याचं सिद्ध झालेलं नाही. लाखो रुपये, कधी शेत विकून, त्यावर घालवू नका. तोच पैसा आणि तीच ताकद नियमित थेरपीला लागते. मोबाइलबद्दलही बरंच बोललं जातं. मोबाइलमुळे ऑटिझम होतो असं नाही, पण तो मुलाच्या वाट्याचं बोलणं आणि खेळणं खाऊन टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की एक वर्षाच्या मुलांनाही पडदा नको, आणि दोन वर्षांनंतर दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको.

जायचं कुठे, हा प्रश्न गावाकडे जास्त टोचतो. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. अंगणवाडी ताई किंवा आशाताईला सांगून ठेवा, आणि पथकाची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे लहान वयातच तपासणी आणि थेरपी सुरू करणारं केंद्र, कुठे आहे ते विचारा. मुंबईत परळचं वाडिया रुग्णालय, श्रवण आणि वाचा तपासणीसाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था, आणि २००१ पासून मुलांच्या विकासावर काम करणारी ‘उम्मीद’ अशी ठिकाणं आहेत. निदानाचा कागद हातात येईपर्यंत फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी थांबवायची गरज नसते. दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची निरामय ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे. दाखल्याने मुलावर शिक्का बसतो म्हणून काही घरं तो टाळतात. मला ते पटत नाही. मुलाची अडचण दाखल्याने वाढत नाही, मदत मात्र वाढते.

एकदा निदान झालं की आणखी एक धोका असतो. त्यानंतरची प्रत्येक गोष्ट ‘ऑटिझममुळेच’ किंवा ‘मतिमंदत्वामुळेच’ असं म्हणून सोडून दिली जाते. पण अशा मुलांत फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, लहानपणीही आणि पुढे वयात येतानाही. म्हणून तीन वर्षांनी एखादी अगदी नवी हालचाल दिसली, जुनीच पण वेगळ्या वेळी व्हायला लागली, किंवा हाताला धरून चालणारं मूल अचानक पडू लागलं, तर जुन्या फाइलवर विसंबून राहू नका. वहीत नवीन तारीख घाला, नवीन व्हिडिओ काढा, आणि ‘हे आधी नव्हतं’ असं डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.